जखऱ्याचा मफलर

गर्भारपण या विषयावर गोंदियाकडच्या गोरेगावच्या आसपास देवचंद मास्तरांएवढ्या अधिकारानं बोलणारा माणूस दुसरा नव्हता. निदान मास्तरांचं तरी तसं मत होतं. गोरेगावपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात मिशनची चौथीपर्यंतची शाळा होती आणि रविवारी त्याच खोलीत अकरा घरांची ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमायची. सहा दिवस मास्तर पाढे शिकवत आणि सातव्या दिवशी, तोच कोट घालून, प्रचारक होत. नाताळच्या आधीचे चार रविवार तर खास त्यांचेच. पहिल्या रविवारी सारा, नव्वदाव्या वर्षी मूल होणार हे ऐकून तंबूच्या आड हसलेली. दुसऱ्या रविवारी हन्ना, मुलासाठी नुसते ओठ हलवून प्रार्थना करणारी आणि त्यापायी याजकाला दारू प्यालेली वाटलेली. तिसऱ्या रविवारी अलीशिबा, जखऱ्या याजकाची म्हातारी बायको. चौथ्या रविवारी मरीया, येशूची आई. शास्त्रात पोट म्हणजे नुसतं पोट नव्हे, असं मास्तर सांगत. ते देवाच्या वचनाचं घर आहे. माणसाची आशा संपते तिथं देव कामाला लागतो, आणि तेही अंधारात, गाजावाजा न करता. हे गाजावाजा न करता ते इतक्या मोठ्यानं सांगत की शाळेमागच्या बोडीवर धुणं धुणाऱ्या बायांनाही ऐकू जाई.

चौदा वर्षं ही चार प्रवचनं चालू होती. त्यांची एक वही होती, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, आणि दरवर्षी तिच्यात भर पडायची. भर पडली नाही ती मास्तरांच्या घरात. "मला पोहता येत नव्हतं आणि मी बोडीच्या पाळीवर उभा राहून लोकांना पोहायला शिकवत होतो," असं ते पुढं म्हातारपणी सांगत. ही सगळी हकीकत ते स्वतःच सांगत, आणि सांगताना स्वतःला इतकी नावं ठेवत की ऐकणाऱ्याला त्यांची बाजू घ्यावी लागे.

तसं दोनदा घरात पाळणा हलायची वेळ आली होती. पहिल्यांदा प्रेमिलाला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, तिसरा महिना लागतो न लागतो तोच मास्तरांनी भर उपासनेत ही आनंदाची बातमी दिली. पाच महिने होईस्तोवर पोटातलं कोणाला सांगू नये, नजर लागते, असं गावात सगळेच मानत. मास्तरांनी त्या समजुतीवर एक वेगळं प्रवचन झोडलं. ज्याचं रक्षण प्रभू करतो त्याला नजर कसली लागते, असं विचारलं. चौथ्या महिन्यात गर्भ पडला. दुसऱ्यांदा मास्तर शहाणे झाले, म्हणजे चौथा महिना संपेपर्यंत थांबले. मग बातमी दिली, जाहीर प्रार्थनेत मुलाचं नावसुद्धा सांगून टाकलं, शमुवेल, आणि गोंदियाच्या पाद्रीसाहेबांना पत्रही घातलं. सहाव्या महिन्यात तेही गेलं.

यापुढचं सांगताना मात्र मास्तर हसत नसत. पंधराव्या दिवशी ते व्यासपीठावर उभे राहिले आणि देणाराही देव, नेणाराही देव, यावर बोलले. उदाहरण घरातलंच घेतलं. प्रेमिला बायांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत बसली होती. तिच्या अंगात अजून कणकण होती. सगळ्या बाया रडल्या, दोन पुरुषही रडले. मास्तरांना वाटलं, आजवर असं प्रवचन झालं नाही. घरी आल्यावर त्यांनी तिला विचारलंही, कसं झालं म्हणून. "चांगलं झालं," ती म्हणाली आणि तिनं भात वाढला.

त्यालाही सात वर्षं झाली. सन चोपन्नच्या पावसाळ्यानंतर गोंदियाहून पाद्रीसाहेबांचं पत्र आलं. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी गोंदियाच्या मोठ्या चर्चमध्ये येऊन तुमचं ते प्रवचन द्यावं, असं पत्रात होतं. मास्तरांनी पत्र मंडळीला वाचून दाखवलं, शाळेत वाचून दाखवलं, आणि शेजारच्या बकारामचा ख्रिस्ताशी काही संबंध नसताना त्यालाही दोनदा वाचून दाखवलं. बकाराम धानाचा शेतकरी. गावचा मोठा तलाव त्याच्या पणज्यानं बांधलेला, आणि त्यामुळे पाणी आणि माणूस दोन्ही किती दाबानं फुटतं याचा त्याला घरचाच अंदाज होता. "जा न मास्तर," तो म्हणाला. "गोंदियाच्या लोकायले तरी नवीन वाटन."

याच दिवसांत प्रेमिला तांदूळ सडायचं टाळू लागली. बकारामची बायको रुख्मा येऊन उखळावर बसे आणि मुकाट्यानं सडून देई. ही रुख्मा गावची सुईण होती, हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. पण ती आपल्या घरी रोज का येते, असा प्रश्न काही त्यांना पडला नाही. उलट त्यांनी प्रेमिलाला शास्त्रातली सद्गुणी स्त्री ऐकवली, ती पहाटे उठून घरादाराला खाऊ घालणारी, आणि तीही जेवता जेवता अर्धा तास. पुढं एकदा प्रेमिला चुलीची भाजकी माती खाताना दिसली. मास्तरांनी निदान केलं, जंत. सायकल काढून ते सरकारी दवाखान्यातून पुडी घेऊन आले आणि प्रेमिलानं ती चुलीत टाकली. तिचं अंग भरलेलं दिसलं तेव्हा तो लवकर निघणाऱ्या हलक्या धानाच्या नव्या तांदळाचा गुण ठरला. चौदा वर्षं ज्या गोष्टीचं शास्त्र सांगितलं, ती गोष्ट घरात चार हातांवर बसून रोज त्यांना भात वाढत होती.

पहिला रविवार आला. मास्तर सारेवर बोलायला उभे राहिले. "सारा का हसली?" त्यांनी विचारलं. "कारण तिला वाटलं, आता या वयात माझ्या पोटी काय येणार. बायांनो, तुमच्यातही अशी कोणी असेल. तिनं आशा सोडू नये." एवढं म्हटल्यावर बायांच्या बाजूला एकेकीचा पदर तोंडावर गेला. मागं कोणीतरी फुसकन हसली. मास्तरांना वाटलं, प्रवचनात विनोद उतरायला लागला. त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते बकारामच्या खळ्यावर गेले. बैल धानाच्या पेंढ्यांवर फिरत होते आणि बकाराम त्यांच्यामागं चालत होता. त्यानं बैल थांबवले.

"मास्तर, राग नका मानू," तो म्हणाला. "काल तुमी साऱ्यायले सांगून राहिले होते का, म्हाताऱ्या बाईलेबी देव पोर देते. मले बोडीवर आयकू आलं."

"मग?"

"मंग तुमच्या घरी पाचवा लागला, तो कोनं देल्ला?"

"कोनाच्या घरी?"

"तुमच्याच. तुमचं का दुसरं घर हाय?"

मास्तर बैलांकडं बघत राहिले. "तुले कोनं सांगितलं?"

"रुख्मानं. साऱ्या गावाले ठाऊक हाय. तुमालेच सांगाचं नाई, असं बायायचं ठरलं होतं. पर मले काल राहवलं नाई."

यावर मास्तरांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: "पण बकाराम, ती सदतीस वर्सायची हाय." आणि ते बोलता बोलताच त्यांना ओळखू आलं की हे वाक्य आपलं नाही. देवदूतानं जखऱ्याला बायको गरोदर राहणार असं सांगितलं तेव्हा जखऱ्यानं हेच म्हटलं होतं, मी म्हातारा, बायकोचं वय झालेलं, मी हे कशावरून मानू? त्या अविश्वासापायी देवदूतानं त्याला मूल होईपर्यंत मुकं केलं. आणि या जखऱ्याला मास्तर चौदा वर्षं नाताळच्या आधीच्या तिसऱ्या रविवारी फैलावर घेत आले होते. बकारामनं पुन्हा बैल हाकले.

मास्तर तरातरा घरी आले. रस्त्यानं त्यांचा पारा चढतच गेला. आपण नवरा, आपण प्रचारक, आणि आपल्याला सगळ्यांच्या मागून कळावं, तेही खळ्यावर. प्रेमिला अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"काऊन नाई सांगितलं मले?"

प्रेमिलानं सूप खाली ठेवलं. कोण बोललं, कधी बोललं, काही विचारलं नाही. हात पुसून ती आत गेली आणि शास्त्र घेऊन आली. वाचायला तिला मास्तरांनीच शिकवलं होतं, लग्नानंतर, आणि तिला वाचायला येतं याचा त्यांना अभिमानही होता. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. अलीशिबेला दिवस गेले आणि पाच महिने ती लपून राहिली, असं त्या ओळीत होतं.

"हे वचन तुमच्या वहीत हाय का?"

नव्हतं. वहीत अलीशिबेची चोवीस पानं होती आणि हे वचन एकाही पानावर नव्हतं. मास्तरांना ते कधी महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. गाव ज्याला नजर म्हणतं आणि ज्याच्यावर आपण प्रवचन झोडलं, ते पाच महिने थेट शास्त्रातच बसले आहेत, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"चौदा वर्सं तुमी या बाईवर बोलून राहिले," प्रेमिला म्हणाली. "ती कायले लपली, हे कधी इचारलं? ज्या बाईच्या हाती काई लागत नाई ते बाई कायले लपते, हे मले इचारलं असतं त मी सांगितलं असतं." मग तिनं शास्त्र मिटलं. "तिच्या नवऱ्याचं तोंड देवानं बंद केलं, म्हनून तिले लपता आलं. माह्या नवऱ्याचं कोन बंद करन?"

मास्तर उभे होते ते खाली बसले. काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"मले पुन्हा तिसऱ्या ओळीत नका बसवू," प्रेमिला म्हणाली.

ती हे रागानं म्हणाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती ते अगदी साध्या आवाजात म्हणाली, भात वाढताना बोलावं तशी. सात वर्षं ती गप्प राहिली, ती समजूतदार म्हणून नव्हे, हे मास्तरांना आज कळलं, आणि त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की सुपातला एक एक तांदूळ त्यांच्याकडं बघतोय असं झालं. त्यांनी वचन दिलं. पोर हाती येईपर्यंत तिच्या पोटाचं नाव आपल्या तोंडून निघणार नाही, कुठंही नाही. प्रेमिलानं मान हलवली आणि सूप उचललं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि तिला दोष देण्यासारखं काही मास्तरांना सापडलं नाही.

पुढचे दोन रविवार मास्तर दहा आज्ञांवर बोलले. पाचवी आज्ञा संपता संपता अर्धी मंडळी पेंगली. पण चौथा रविवार गोंदियाचा होता आणि तिथं लोक हेच प्रवचन ऐकायला येणार होते. मास्तर स्वतःला ओळखून होते. व्यासपीठावर उभं राहिलं की आपली जीभ उताराला लागलेल्या सायकलीसारखी सुटते आणि घरच्या उदाहरणाशी जाऊनच थांबते, हे त्यांना ठाऊक होतं. नाही म्हणून कळवावं, तर पाद्रीसाहेबांना कारण काय लिहायचं? विचार करकरून मास्तरांनी एक तोड काढली आणि ती काढल्याबद्दल स्वतःवर खूष झाले. आवाजच बसला तर कोण काय करणार?

रविवारी सकाळी ते सायकलनं निघाले. गोंदियाच्या अलीकडं फुलचूरपाशी खाली उतरले, खिशातून लाल लोकरीचा मफलर काढून गळ्याला तीन वेढे घेतले आणि एकदोनदा खोकून पाहिलं. चर्चच्या दारात पाद्रीसाहेब भेटले तेव्हा मास्तरांनी गळ्याकडं बोट दाखवून मान हलवली. पाद्रीसाहेब भले माणूस. "अरेरे, बिलकुल आवाज नाही?" म्हणाले आणि मुलांच्या वर्गातली एक पाटी आणि पेन्सिल आणून त्यांच्या हाती दिली. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'आवाज गेला'. खोटं बोलायचं पाप टळलं, याचं त्यांना तेव्हा समाधान वाटलं. लिहिलेलं खोटं मोजायचं कसं, हा विचार नंतर आला.

आयत्या वेळी दुसरं प्रवचन कुठून आणणार? पाद्रीसाहेबांनी लूकचा पहिला अध्यायच वाचायला घेतला. पाहुण्यांचा मान म्हणून मास्तरांना वर, व्यासपीठाशेजारच्या खुर्चीवर बसवलं. समोर दीडशे माणसं. मांडीवर पाटी, गळ्यात लाल मफलर. पाद्रीसाहेब वाचत होते, देवाचा सेवक जखऱ्या, त्याची वय झालेली बायको, तिला मूलबाळ नाही. मग वाचलं, जखऱ्या मंदिरातून बाहेर आला तो त्याला बोलता येईना, तो लोकांना खुणा करू लागला. इथं चर्चमधल्या काही माना मास्तरांकडं वळल्या. त्यानं पाटी मागवून तिच्यावर लिहिलं, हेही पुढं आलं. तेव्हा सगळ्याच वळल्या.

मास्तरांना पाटी लपवावीशी वाटली. त्यांनी ती उलटी केली तर मागच्या बाजूला कोणा पोरानं खडूनं झोपडी काढली होती.

उपासना संपल्यावर पुष्पाबाईंनी त्यांना दारातच गाठलं. पुष्पाबाई म्हणजे तिथल्या महिला मंडळाच्या मुख्य, रेल्वेतल्या बाबूंच्या पत्नी, आणि गोंदियात कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना झाकण न काढता कळे.

"मास्टरजी, सच बताओ," त्या म्हणाल्या. "घरी काही खुशखबर आहे का?"

मास्तरांनी अशी जोरात मान हलवली की मफलरचा एक वेढा सुटला.

"नाही म्हणता? मग एवढे घाबरले कशाला?"

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'नाही'. पुरेसं वाटेना म्हणून त्याखाली दोन रेघा ओढल्या. तोवर ज्यांना नुसती शंका होती, त्यांची त्या दोन रेघांनी खात्री झाली. सायकलवर बसून फुलचूरच्या पलीकडं जाईपर्यंत मास्तरांनी मागं वळून पाहिलं नाही.

नाताळ होऊन दोन दिवस झाले आणि गोंदियाहून बैलांच्या दोन दमण्या भरून बाया आल्या. बरोबर डिंकाचे लाडू, झबली, टोपडी, आणि पुष्पाबाईंनी स्वतः विणलेले पायमोजे. मास्तरांनी शाळेच्या खिडकीतून दमण्या पाहिल्या आणि ते पाठीमागच्या दारानं निघून बोडीच्या पाळीवर जाऊन बसले. त्यांना थंडी वाजत होती. मफलर घरी होता, पण तो आणायला जायची हिंमत नव्हती. सहावा महिना लागलेला होता. मागचं गेलं तेही सहाव्यातच. नजर लागते यावर आपला विश्वास नाही, असं त्यांनी स्वतःला तीनचारदा बजावून पाहिलं आणि त्यानं काही फरक पडला नाही. ते घाबरले होते. देव अंधारात, कोणाला न दिसता काम करतो, हे सांगायला त्यांना चौदा वर्षं फार गोड लागलं होतं. त्या अंधाराबाहेर बसून राहायचं म्हणजे काय, हे त्यांच्या वहीत नव्हतं.

बाया गेल्यावर ते घरी आले. प्रेमिला चटईवर बसली होती आणि तिच्याभोवती चिमुकले कपडे पसरले होते.

"मी एक शब्द बोललो नाई," मास्तर म्हणाले.

"ठाऊक हाय. पुष्पाबाईनं सांगितलं सारं. पाटीबी सांगितली." प्रेमिलानं त्यांच्याकडं पाहिलं. "चौदा वर्सांत तुमी एकदा गप बसले, तेबी गोंदियाले आयकू गेलं."

आणि ती हसायला लागली. आधी नुसतं तोंड दाबून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मास्तरांना तिला असं हसताना पाहून सात वर्षं झाली होती. ते बावळटासारखे उभे राहिले. एकाएकी ती थांबली आणि तिचा हात पोटावर गेला. मास्तर दोन पावलं पुढं आले.

"काय झालं?"

"काई नाई. हालून राहिलं. मी हसली त जोरानं हाललं."

मरीयेचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातल्या बाळानं उडी मारली, यावर वहीत सात पानं होती. मास्तरांच्या जिभेवर त्यातलं पहिलं वाक्य आलं आणि त्यांनी ते गिळलं. हात लावून पाहू का, असंही विचारायचं होतं. तेही गिळलं.

"गप राहाचं म्हंजे गऱ्याले मफलर बांधाचा नोहे," प्रेमिला कपड्यांची घडी घालत म्हणाली. "गप राहाचं म्हंजे कामाले लागाचं. रुख्माच्या घरी धान चुराचं हाय, तिले फुरसत नाई. आता तांदूर कोन सडन?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तर शाळेआधी उखळाशी उभे राहू लागले. पुरुषानं मुसळ धरलेलं गावानं पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी अर्धा तांदूळ तुकडा झाला. "मास्तर, मुसर म्हंजे खडू नोहे," रुख्मा कुंपणापलीकडून म्हणाली. मंडळीतल्या बाया पाण्याला जाताना मुद्दाम त्या वाटेनं जात. मास्तर सडत राहत. तोंडात काही नसलं की डोक्यात येतं, तसं तिथंच एके दिवशी त्यांना जखऱ्या दिसला, नव्यानं. त्याला मुकं केलं ती शिक्षा, असं त्यांनी आजवर सांगितलं होतं. आता वाटलं, शिक्षा कसली, ती तर अलीशिबेवर केलेली मेहरबानी. नाहीतर हा याजक मंदिराच्या पायरीवर उभा राहून साऱ्या यहूदियाला सांगत सुटला असता आणि त्या बाईच्या पाच महिन्यांचा बाजार झाला असता. पुढं मरीया तिच्या घरी येते आणि दोघी तीन महिने बोलत बसतात. त्या घरात पुरुष एकच, आणि त्याला मध्ये तोंड घालता येत नाही. म्हणून तर त्या अध्यायात बायांचं बोलणं एवढं आलं आहे.

विचार इतका सुंदर होता की मास्तर मुसळ टाकून वहीकडं धावले. दीड पान भरलं. पुढच्या वर्षी हे कसं सांगायचं, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं डोळ्यांपुढं आलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करतो आहोत. त्यांनी वही मिटली आणि नेऊन धानाच्या कोठीखाली टेकू म्हणून सरकवून दिली. कोठीचा एक पाय कधीचा हलत होता.

सहावा महिना गेला. सातव्याची ओटी रुख्मानं घरातल्या घरात भरली आणि मास्तरांनी प्रार्थना केली, मनातल्या मनात, फक्त ओठ हलवून. हन्नाही अशीच करायची, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

एप्रिलच्या मध्यात, गाव पहाटे मोहफुलं वेचायला गेलेलं असताना प्रेमिलाच्या पोटात कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका नव्हती. रुख्मा आत होती. मास्तर ओसरीत मातीच्या भिंतीला पाठ लावून बसले होते आणि बकाराम शेजारी बसून नुसता तंबाखू मळत होता, खात नव्हता.

"मास्तर, प्रार्थना करा न काई," तो म्हणाला.

मास्तरांनी डोळे मिटले. काही आलं नाही. सारा नाही, हन्ना नाही. आतून प्रेमिला कण्हत होती. दोन गेलेली होती. हे राहिलं नाही तर आपण काय करू, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ती राहिली नाही तर, याच्यापुढं त्यांचं डोकं चालत नव्हतं.

"अजी," आतून प्रेमिलाचा आवाज आला. "हाये का तिथं?"

"आहो. इथंच आहो."

"बोला."

मास्तरांना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. भिंतीपलीकडून रुख्मा ओरडली, "बोला म्हनते ते. तुमचा आवाज पाहिजे म्हनते."

साडेचार महिने ज्याची वाट पाहिली ती परवानगी मिळाली होती, आणि मास्तरांच्या तोंडात एक शब्द नव्हता.

"तांदूर सडून ठेवलो," ते म्हणाले. "दोन पायली. तुकडा कमी झाला आता."

"आनखी."

"कोंडा गाईले टाकलो. पानी भरलो. मोठा रांजन भरला, लहान अर्धा हाय. पायमोजे उन्हात टाकले होते, काढून ठेवलो. कवडी कोंबडी खुडूक बसली हाय, तिले टोपल्याखाली घातलो." ते थांबले की आतून येई, "बोला." मग ते पुन्हा सुरू करत. अंगण झाडलं, कोठी हलत नाही आता, खाली वही घातली. आवाज चढला नाही, उदाहरण आलं नाही. बकाराम त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला होता. उन्हं ओसरीच्या दुसऱ्या खांबाशी आली तेव्हा मास्तर डाळीबद्दल काहीतरी सांगत होते, आणि मध्येच आतून तिसराच आवाज आला, बारीक आणि चिडलेला.

मास्तर रडले. तोंड झाकायला काही नव्हतं म्हणून गुडघ्यांत डोकं घालून रडले.

रुख्मा दारात आली. "पोरगी हाय," ती म्हणाली. "दोघीबी बऱ्या हायेत. नाव काय ठेवता, मास्तर?"

इसहाक, शमुवेल, योहान. वहीत सगळे मुलगेच होते. मुलगी झाली तर काय, यावर एक ओळ नव्हती. आणि शास्त्रात तर या ठिकाणी जखऱ्याची जीभ मोकळी होते आणि तो उभा राहून लांबलचक स्तोत्र म्हणतो. बकाराम आणि रुख्मा, दोघंही ते ऐकायच्या तयारीनं उभे होते.

"तिच्या मायले इचारा," मास्तर म्हणाले.

रुख्मा आत गेली आणि लगेच परत आली. तिचा चेहरा जरा नाराज होता, कारण पाच दिवस बाप्यानं बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, ही तिची रीत होती आणि ती आजवर कोणी मोडली नव्हती.

"नाव मंग सांगतो म्हनते," रुख्मा म्हणाली. "तुमाले आत बोलावते. हात धुऊन या म्हनते."